काळी मेंदी म्हणून जे विकतात, ती मेंदी नव्हे!

धुऱ्यावरच्या मेंदीचा खरा रंग, घरी केस रंगविण्याची रीत आणि बाजारच्या पाकिटातला धोका

पूर्वी खेड्यात पांढऱ्या केसांची कोणाला फारशी फिकीर नसे. पुरुषांच्या डोक्यावर टोपी नाहीतर दुपट्टा आणि बायांच्या डोक्यावर पदर. केस पिकले की माणूस जाणता झाला, असे समजत. आता दिवस बदलले. लेकीचे लग्न असो, पोरासाठी मुलगी पाहायला जायचे असो की तालुक्याच्या मीटिंगला बसायचे असो, आदल्या दिवशी डोक्याला काहीतरी लावण्याची पद्धत गावोगाव पडली आहे. यात वावगे काही नाही. नीटनेटके दिसावे असे कोणाला वाटत नाही?

प्रश्न आहे तो डोक्याला काय लावतो, याचा. यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, पांढरकवडा यांपैकी कुठल्याही बाजारात जा, कटलरीच्या दुकानात दोन तऱ्हेची पाकिटे लटकलेली दिसतील. एकावर नुसते 'मेंदी' लिहिलेले असते, दुसऱ्यावर 'काळी मेंदी'. गिऱ्हाईकाचा हिशेब सरळ असतो. "साधी लावली तं डोकं लाल दिसते, काळी लावली तं काळं दिसते. मंग काळीच घ्या ना!" पाकिटावर हिरव्या पानाचे चित्र आणि शब्द मेंदीचा, म्हणून हे झाडपाल्याचे आहे आणि याने अपाय व्हायचा नाही, अशी समजूत होते. नेमकी हीच समजूत घातक आहे. मेंदीच्या पानातून काळा रंग कधीही निघत नाही. जे लावल्यावर अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे होतात, त्यात मेंदी नावापुरती असते किंवा मुळीच नसते. ते काम रासायनिक कलपाचे असते.

मेंदीत रंग कुठून येतो?

मेंदीला संस्कृतमध्ये मदयंतिका म्हणतात. शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने ती डाळिंबाच्या कुळातली. तिच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. वाळलेल्या पानांत त्याचे प्रमाण साधारणतः शंभर भागांत एक भागाच्या आसपास भरते. पान वाटून किंवा पावडर भिजवून ठेवली की हे द्रव्य मोकळे होते आणि कातडीच्या व केसांच्या वरच्या थरात जाऊन बसते. केस, नखे आणि जनावरांची शिंगे ही ज्या द्रव्याची बनलेली असतात, त्यालाच लॉसोन घट्ट धरते. म्हणून हातावरची मेंदी कातडी झडली की आठ-पंधरा दिवसांत जाते, केसांवरची मात्र टिकते. केस मुळाशी वाढून पांढरे दिसू लागतात तेवढेच.

या द्रव्याचा रंग केशरी-तांबडा. पांढऱ्या केसांवर तो तांबूस येतो. मूळच्या काळ्या केसांवर लाल झाक फक्त उन्हात दिसते, कारण मेंदी केसाचा आधीचा रंग काढून घेत नाही, वरून आपला रंग चढविते. केसावर असा थर बसल्याने केस थोडे जाड आणि मोकळे वाटतात. मेंदीने केस 'भरतात', असे बायका म्हणतात, त्यामागे हे कारण आहे. मात्र मेंदीने पिकलेला केस मुळापासून काळा उगवू लागतो, टक्कल जाते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

काळ्या पाकिटात काय असते?

काळा रंग देणाऱ्या बहुतेक पाकिटांत पॅराफिनिलीन डायअमाईन नावाचे रसायन असते. त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. दगडी कोळशाच्या डांबरावर संशोधन चालू असताना युरोपात एकोणिसाव्या शतकात हे द्रव्य हाती आले आणि १८८३ मध्ये फ्रान्समध्ये केस रंगविण्यासाठी त्याचे पेटंट घेतले गेले. आज जगभरच्या काळ्या कलपात तेच किंवा त्याचे भाऊबंद वापरतात. पाण्यात कालवून केसांना लावले की प्राणवायूशी संयोग होऊन ते केसाच्या आतच काळे पडते. रंग पक्का, काम झटपट आणि पाकीट स्वस्त. म्हणून त्याचा प्रसार झाला.

हे द्रव्य सर्वांनाच बाधते असे नाही. अनेक जण वर्षानुवर्षे कलप लावतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्याच्या अंगाला ते मानवत नाही, त्याचे हाल होतात. डोक्याला खाज सुटते, कानामागे व मानेवर पुरळ येते, पाणी सुटते, पापण्या आणि चेहरा सुजून डोळे उघडत नाहीत. काहींच्या कपाळावर व कानशिलांवर काळे डाग पडतात आणि ते लवकर जात नाहीत. 'मला दहा वर्षांत कधी झालं नाही', या भरवशावरही राहू नये. ही वावडी कोणत्याही वेळी सुरू होऊ शकते आणि एकदा सुरू झाली की सहसा जन्मभर राहते. पुढच्या वेळचा त्रास मागच्यापेक्षा जास्त असतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ मध्ये पीपीडीला त्या वर्षीचा प्रमुख वावडीकारक पदार्थ म्हणून जाहीर केले होते.

आपल्या देशात अशा कलपाच्या पाकिटावर सावधानतेची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. काहींच्या कातडीला याने त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी. भुवया व पापण्यांना हे लावू नये, त्याने आंधळेपणा येऊ शकतो. अशा अर्थाची ती सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही असावी लागते. परंतु पाकीट बोटभर, अक्षर मुंगीएवढे आणि दुकानातला उजेड बेताचा. वाचणार कोण? आठवडी बाजारात सुटी पुडी बांधून मिळते तिच्यावर तर एक अक्षरही नसते.

लेकरांच्या हातावर काळी मेंदी नको

लग्नात हातावर नक्षी काळीभोर उठून दिसावी म्हणून मेंदीत कलपाची पुडी मिसळण्याचा प्रकार अलीकडे वाढला आहे. हा प्रकार केसांना कलप लावण्यापेक्षा वाईट. कलप केसांसाठी आहे, कातडीसाठी नाही. युरोपीय देशांत पीपीडी फक्त केसांच्या रंगात आणि तेही ठराविक मर्यादेत वापरता येते, कातडीवर वापरायला मनाई आहे. हातावर असे काळे चित्र काढल्याने नक्षीच्या रेघांवर फोड आलेली मुले देशोदेशीच्या डॉक्टरांनी पाहिली आहेत. फोड बरे होतात, वावडी मात्र अंगात राहते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी तेच मूल पहिल्यांदा कलप लावते आणि थेट दवाखान्यात पोहोचते. कपड्याचा काळा रंग किंवा काही औषधेही मग अशा माणसाला मानवत नाहीत.

खऱ्या मेंदीबद्दलही एक गोष्ट तान्ह्या बाळांच्या आयांनी लक्षात ठेवावी. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. अशा बाळाच्या अंगाला मेंदी लावल्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ व तीव्र रक्तक्षय झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. विदर्भातील आदिवासी समाजांत सिकलसेलप्रमाणे ही कमतरताही आढळते. म्हणून बारशाची हौस कितीही असली तरी तान्ह्या बाळाच्या हाता-पायाला, डोक्याला मेंदी लावू नये. घरात कोणाला ही कमतरता असल्याचे माहीत असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच मेंदी वापरावी.

पुडी कीटकनाशकासारखीच सांभाळा

कलप पोटात गेला तर ते जहाल विष आहे. मान, जीभ आणि घसा झपाट्याने सुजतो, श्वास कोंडतो, अंग दुखते, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते आणि पुढे मूत्रपिंडे काम थांबवितात. यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. वेळेत दवाखाना गाठणे हाच उतारा. घरगुती उपाय करत बसू नये, मीठ-पाणी पाजून ओकाऱ्या काढण्याच्या मागे लागू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रिकामे पाकीट सोबत न्यावे आणि डॉक्टरांना काय पोटात गेले ते स्पष्ट सांगावे.

घरात कीटकनाशकाचा डबा उंचावर, कुलपात ठेवावा, हे आता बहुतेकांना पटले आहे. कलपाची उरलेली पुडी मात्र आरशामागे, खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी पडलेली असते. ती लेकरांच्या हाती लागते. कलप आणायचाच असेल तर लागेल तेवढाच आणावा. उरलेला ठेवू नये आणि कालविलेली वाटी लगेच धुऊन टाकावी. ती वाटी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

आपल्या धुऱ्यावरची मेंदी ओळखा

मेंदीसाठी पाकीटच लागते असे कोणी सांगितले? आपल्याकडे परसात, विहिरीजवळ, वाडीच्या कुंपणाला मेंदीचे झाड जुन्या काळापासून आहे. ढोरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, छाटली की दाट फुटते, पाणी कमी मागते. नागपंचमीला मुली हीच पाने तोडून पाट्यावर वाटत आल्या आहेत.

मात्र कुंपणाला 'मेंदी' म्हणून लावलेले प्रत्येक झाड मेंदीचे नसते. कोयनेल आणि डुरांटा या शोभेच्या झुडपांनाही लोक मेंदीच म्हणतात. त्यांच्या पानांना रंग नाही. खऱ्या मेंदीची पाने लहान, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळती आणि देठावर समोरासमोर असतात. जुन्या फांद्यांची टोके काट्यासारखी टोचतात. फुले बारीक, पांढरट-पिवळसर, घोसात आणि सुवासिक. याच फुलांपासून हिना अत्तर काढतात. फळ वाटाण्याएवढे गोल, आत बारीक बिया. तरी शंका राहिली तर चार पाने लिंबाच्या दोन थेंबांत चुरडून तळहातावर तासभर बांधावी. केशरी डाग पडला तर ती मेंदी.

पाने कुठून तोडायची, यालाही महत्त्व आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व इतर दवाखान्यांत भरती व्हावे लागले. जे औषध वाऱ्याने फवारणाऱ्याच्या अंगावर येते, ते धुऱ्यावरच्या मेंदीवरही बसते. पावसाळ्यात कपाशी-तुरीच्या वावराला लागून असलेल्या कुंपणाची पाने केसांसाठी तोडू नयेत. घराच्या आवारातली, शाळेतली किंवा जिथे फवारणी होत नाही अशा जागेची घ्यावीत आणि तीही दोन-तीन पाण्यांनी धुऊन. परसात मेंदीचे एक-दोन झाड स्वतंत्र लावून ठेवणे सर्वांत बरे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी लावली तर फुटते. पाणी साचणारी जागा मात्र तिला मानवत नाही.

पावडर घरी कशी करावी?

पाने काडीपासून वेगळी करून सावलीत, जुन्या लुगड्यावर पातळ पसरून वाळवावी. कडक उन्हात टाकू नयेत. पान हाताने चुरले की चुरचुरले पाहिजे. मग खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये बारीक करून कपड्याने गाळून घ्यावे. जाडी भरडी राहिली तर धुताना केसातून निघत नाही. पावडर कोरड्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी. वर्षभरात वापरून टाकावी, जुनी होत जाईल तसा रंग कमी येतो. दळताना आणि चाळताना नाकाला फडके बांधावे, दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

केसांना लावण्याची रीत

पुरुषाच्या आखूड केसांना साधारण ५० ग्रॅम, खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम आणि लांब केसांना २०० ग्रॅमपर्यंत पावडर पुरते. लावण्याचा क्रम असा ठेवावा.

१) पहिल्यांदा लावत असाल तर आदल्या दिवशी थोडी मेंदी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. एक दिवसात खाज-पुरळ आले नाही तर पुढे जावे.

२) पावडर कोमट पाण्यात किंवा गाळलेल्या कोऱ्या चहात कालवावी. उकळते पाणी घालू नये. एका लिंबाचा रस किंवा थोडे आंबट ताक टाकावे. आंबटपणाने रंग बेताबेताने आणि चांगला सुटतो. पीठ इडलीच्या पिठाएवढे दाट असावे.

३) आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार तास भिजले तरी पुरे होते. हिवाळ्यात रात्रभर ठेवावी. वर तपकिरी रंग आला, पण खाली हिरवे आहे, म्हणजे मेंदी तयार झाली. दोन-दोन दिवस आंबवत ठेवली तर रंग वाढायच्या ऐवजी कमी होतो.

४) जुन्या बायका मेंदी लोखंडी कढईत भिजवितात, तीत आवळ्याची पूड घालतात. यामागे कारण आहे. आवळ्यातला व चहातला तुरटपणा आणि लोखंड यांच्या संयोगाने काळपट रंग तयार होतो, त्यामुळे मेंदीची लाली थोडी दबते आणि केस तपकिरीकडे झुकतात. पूर्ण काळे मात्र होत नाहीत.

५) केस आदल्या दिवशी धुतलेले व बिनतेलाचे असावेत. तेलकट केसांवर रंग चढत नाही. कपाळ, कान आणि मान यांवर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, म्हणजे डाग पडत नाहीत. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी.

६) भांग पाडत, मुळापासून टोकापर्यंत भरपूर लावावी. वरून केळीचे पान किंवा प्लॅस्टिक गुंडाळून कपडा बांधावा. मेंदी डोक्यावर वाळून खडखडीत होऊ देऊ नये. वाळली की रंग देणे थांबते आणि केस ओढले जाऊन तुटतात.

७) पांढरे केस रंगवायचे असल्यास दोन ते तीन तास ठेवावी. नुसता मोकळेपणा हवा असेल तर पाऊण तास पुरे. ज्यांना लवकर सर्दी होते त्यांनी थंडीत, पावसाच्या दिवशी लावू नये. दुपारचे ऊन असताना लावावी.

८) साध्या पाण्याने खळखळ धुवावे. त्या दिवशी साबण-शाम्पू लावू नये. रात्री केस सुकल्यावर खोबरेल किंवा तिळाचे तेल लावावे. पहिल्या दिवशी रंग भडक केशरी दिसतो, त्याने घाबरू नये. एक-दोन दिवसांत हवा लागून तो गडद होतो. म्हणून लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी लावावी, आदल्या रात्री नव्हे.

महिन्यातून एकदा एवढे पुरे. दर वेळी सगळ्या केसांना लावण्याचे कारण नाही, नव्याने वाढलेल्या पांढऱ्या मुळांना लावावी.

रंग हवा की मऊपणा?

मेंदीत दही, अंडे, तेल, जास्वंदीची पाने, कोरफडीचा गर असे जे दिसेल ते मिसळण्याची हौस अनेकांना असते. मग रंग चढला नाही म्हणून तक्रार होते. दही, अंडे व तेल यांनी केस मऊ राहतात हे खरे, पण तीच रंगाच्या आड येतात. म्हणून आधी ठरवावे. रंग हवा असेल तर मेंदी, चहा, आवळा व लिंबू एवढेच घ्यावे. मऊपणा हवा असेल तर दही किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस मिसळून पाऊण तासात धुवावे. मेंदी मुळात थोडी कोरडी. ज्यांचे केस आधीच राठ आहेत, वावरात उन्हातान्हात राबणे आहे, त्यांनी रंग दिल्यावर तेल लावायला विसरू नये.

काळाच रंग हवा असेल तर

झाडपाल्याने काळा रंग येतो, पण त्यासाठी दुसरे पान लागते. ते निळीचे. १९१७ साली चंपारणच्या शेतकऱ्यांसाठी गांधीजींनी ज्या पिकाच्या सक्तीविरुद्ध लढा दिला, तीच ही नीळ. तिच्या वाळलेल्या पानांची पावडर काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. आधी मेंदी लावून केस धुवावेत. नंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निळीची पावडर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवावी. लिंबू घालू नये. दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी, कारण ही मेंदीसारखी भिजत ठेवली तर वाया जाते. एक ते दीड तास ठेवून धुवावे. तांबड्यावर निळा चढून केस काळपट दिसतात. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसली तरी ती जाते. मेंदी न लावता नुसती नीळ लावली तर पांढरे केस निळसर-हिरवे होतात.

येथे एक ताकीद. कपड्यांना घालायची नीळ आणि ही नीळ यांचा काही संबंध नाही. कपड्याची नीळ डोक्याला लावू नये. तसेच निळीच्या म्हणून मिळणाऱ्या पाकिटावर इतर काही रसायन लिहिलेले नाही ना, हे शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावे.

कष्ट आणि वेळ कलपापेक्षा जास्त लागतो, हे कबूल. पण सुजलेले तोंड घेऊन दवाखान्याच्या चकरा मारण्यात जो वेळ आणि पैसा जातो, तोही हिशेबात धरायला हवा. ज्यांना कलपच लावायचा आहे, त्यांनी निदान एवढे करावे. छापील पाकीटच घ्यावे, दर वेळी कानामागे चाचणी घेऊन पूर्ण एक दिवस थांबावे, सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नये, भुवयांना लावू नये आणि मिशीला लावण्याचे शक्यतो टाळावे. मेंदी आणि कलप एकाच दिवशी, एकावर एक लावू नयेत.

विकतची मेंदी पारखून घ्या

शुद्ध मेंदीची पावडर वाळलेल्या पाल्यासारखी मळकट हिरवी असते. पोपटासारखी हिरवीगार दिसली तर वरून रंग दिल्याचा संशय घ्यावा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर टाकावी. लगेच हिरवा रंग धावला तर भेसळ समजावी. खऱ्या मेंदीचे पाणी हळूहळू तांबूस-तपकिरी होते. ढवळून ठेवल्यावर तळाशी रेती बसली तर वजनासाठी माती घातली आहे. आणि 'दहा मिनिटांत गडद रंग' असे लिहिलेले असेल, तर ती मेंदीच्या स्वभावाबाहेरची गोष्ट आहे हे ओळखावे.

मेंदीचे पीक घ्यावे का?

असा प्रश्न काही शेतकरी बांधव विचारतील. देशातील मेंदीचे मोठे केंद्र राजस्थानातील पाली जिल्ह्यातील सोजत हे आहे. सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे पाऊस कमी, हवा कोरडी, जमीन हलकी. अशा हवेत पानात रंग जास्त उतरतो. एकदा लावलेले झाड वर्षानुवर्षे कापणी देते आणि कापलेला पाला वाळताना पाऊस आला तर रंग जातो. आपल्याकडे पाऊस पालीपेक्षा बराच जास्त, काळी जमीन पाणी धरून ठेवणारी आणि घेणारा बाजार जवळ नाही. म्हणून कपाशी-सोयाबीन मोडून मेंदी लावा, असा सल्ला कोणी दिला तर घाई करू नये. मुरमाड, निचऱ्याच्या जागेवर कुंपण म्हणून लावावी, घरापुरती वापरावी. महिला बचत गटांना पावडर करून विकायची इच्छा असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. त्या पावडरीत काही न मिसळणे, हीच तिची खरी जाहिरात ठरेल.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी ताई यांच्या हातात बरेच आहे. ग्रामसभेत फवारणीच्या खबरदारीचा विषय निघतो, त्यातच कलपाच्या पुडीचे दोन शब्द घालावेत. अंगणवाडीत आयांना तान्ह्या बाळाला मेंदी न लावण्याबद्दल आणि लेकरांच्या हातावर काळी मेंदी न काढण्याबद्दल सांगावे. गावातल्या कटलरी व किराणा दुकानदाराला, तसेच केस कापणाऱ्या कारागिराला बिनछाप पुडी ठेवू नये म्हणून समज द्यावी. एवढे करूनही कोणी विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या आवारात पाच-दहा मेंदीची झाडे लावली तर गावाला पान विकत घ्यावे लागणार नाही, फवारणीचीही भीती राहणार नाही.

येत्या लग्नसराईत घरातले कोणी बाजारातून 'काळी मेंदी' घेऊन आले, तर पाकीट फोडण्यापूर्वी मागची बारीक अक्षरे एकदा वाचून घ्यावीत. पीपीडी किंवा पॅराफिनिलीन डायअमाईन लिहिलेले सापडले, तर ती मेंदी नाही, कलप आहे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.